अधांतरी विहिणी

"आधी तुम्ही उतरा."

"छे, छे. आधी तुम्ही."

"असं कसं? तुम्ही मुलाकडच्या. मान तुमचा."

"मान गेला खड्ड्यात. मी उतरणार नाही म्हणजे नाही."

हा संवाद जमिनीपासून तीन मजले उंचावर, तारेला टांगलेल्या दोन माणसांच्या खुर्चीत चालला होता. खाली बर्फ, वर आभाळ आणि मध्ये दोन विहिणी. बाकीच्या खुर्च्या आम्ही केव्हाच रिकाम्या केल्या होत्या. दोराला बांधलेल्या पट्ट्यात बसवून एकेक पाहुणा खाली घ्यायचा, अशी ती पद्धत. नवरा उतरला, नवरी उतरली, दोन्हीकडचे वडील उतरले, टूर मॅनेजर तर शिट्टी फुंकत उतरला. राहिल्या ह्या दोघी.

नेगीसाहेबांनी दुर्बिणीतून वर पाहिलं आणि मग माझ्याकडे. "महाराष्ट्र, ह्या काय बोलतायत?"

"सर, एकमेकींना मान देतायत."

"किती वेळ देणार?"

"आमच्याकडे ह्याला वेळेचं बंधन नसतं, सर."

नेगीसाहेब आमच्या लिफ्टचे प्रमुख, किन्नौरचे. ते हिंदीत बोलायचे आणि मराठीचा एक शब्द त्यांना कळत नसे. पण इथे मी त्यांना मराठीतच बोलायला लावणार आहे. कथा माझी आहे.

माझं नाव शलाका निकम, पण त्या डोंगरावर ते कुणालाच माहीत नव्हतं. मी 'महाराष्ट्र' होते. कराडमध्ये आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मंगल कार्यालय आहे. माझं बालपण लोकांच्या लग्नांत गेलं. शाळेतून आले की दप्तर टाकायचं आणि पंगतीत मीठ वाढायला उभं राहायचं. कुणाच्या मामाला फेटा मिळाला नाही, कुणाच्या आत्याला खोली लांबची मिळाली, कुणाचा काका जेवणावरून उठला, हे सगळं मी चड्डीत होते तेव्हापासून पाहिलं. पुढे पुण्यात पर्यटनाचं शिकायला गेले आणि शेवटच्या वर्षी प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला कुठं जाणार, असं कॉलेजनं विचारलं, तेव्हा शिर्डी आणि महाबळेश्वर सोडून मी हिमाचलातलं स्कीईंगचं रिसॉर्ट निवडलं. बर्फ आवडतो म्हणून नव्हे. मी बर्फ पाहिला होता तो आइस्क्रीमच्या डब्याभोवतीचा. कराडपासून सगळ्यांत लांब तेच होतं, आणि बर्फावर कुणी लग्न लावत नाही, असा माझा हिशेब होता.

आम्ही दोघं प्रशिक्षणार्थी. दुसरा अंगद साहनी, चंदीगडचा. तो चालायला शिकायच्या आधी स्कीईंग शिकला होता. पाहुण्यांना धडे द्यायला तो, उतारावर गस्त घालायला तो. मी पायात फळ्या बांधल्या की फळ्या एकीकडे आणि मी दुसरीकडे. त्यामुळे माझ्याकडे आली बाकीची कामं. खुर्च्यांवरचा बर्फ झाडणं, भाड्याच्या बुटांत हात घालून ओले मोजे शोधणं आणि लिफ्टच्या खालच्या टोकाला उभं राहून येणारी खुर्ची धरून पाहुण्यांना तीत बसवणं. शिवाय दर आठवड्याला सुटकेचा सराव व्हायचा. त्यात अडकलेला पाहुणा म्हणून कुणाला तरी वर लटकावं लागे. तो मान कायम माझा. चेतराम नावाचा दोर सांभाळणारा माणूस मला 'पोतं' म्हणायचा, प्रेमानं.

हंगाम संपत आला होता. पुढच्या हंगामापासून दोघांतल्या एकालाच नोकरीवर ठेवणार, हे नेगीसाहेबांनी सांगून टाकलं होतं. कोणाला ते सांगायची गरज नव्हती. मला नोकरी मिळाली नाही तर परत कराड. आबांनी उन्हाळ्याच्या तारखा घ्यायला सुरुवात केली होती आणि फोनवर सगळ्यांना सांगत होते, "आता आमची शलाका बघणार सगळं." हे कानावर आलं की मला पंगतीतल्या बासुंदीचा वास यायचा.

तर त्या दिवशी काय झालं, ते सांगते. मिरजेकडची टूर आली. पिवळ्या टोप्या, माकडटोप्या, साडीवर भाड्याचे लांब केसाळ कोट. त्यांत एक नवं जोडपं होतं, धैर्यशील आणि केतकी जगदाळे. मधुचंद्राला आले होते आणि सोबत अर्धं वऱ्हाड होतं. त्याचं असं झालं, की बुकिंग करताना धैर्यशीलनं आईला "तू पण येतेस का?" असं आपलं बोलायचं म्हणून विचारलं. आई हो म्हणाल्या. मग वडील आले. मग मुलीच्या आईवडिलांना वगळलं तर कसं दिसेल, म्हणून तेही आले. हे मला केतकीनंच सांगितलं. सांगताना ती हसत होती, पण फार नाही.

ही मंडळी स्कीईंग करणार नव्हती. लिफ्टनं वर जायचं, फोटो काढायचे आणि त्याच लिफ्टनं खाली यायचं. मी खुर्च्या भरत होते. कार्यालयाची सवय जात नाही म्हणतात ते खरं, मी बायकांना आधी बसवलं आणि नेमक्या दोन विहिणी एका खुर्चीत घातल्या. मुलाच्या आई जगदाळेकाकू, उंच, गोऱ्या, नाकात ठसठशीत नथीचं भोक आणि बोलण्यात हुकूम. मुलीच्या आई साळुंखेकाकू, लहानखुऱ्या, सारख्या पदर सावरणाऱ्या. केसाळ कोटाला पदर नसतो, तरी त्या सावरत होत्या.

त्या अर्ध्या वाटेवर होत्या आणि वीज गेली. वीज गेली की डिझेलचं इंजिन लावायचं असतं. ते लावलं, तर ढिम्म. आदल्या रात्रीच्या थंडीत टाकीतलं डिझेल खोबरेल तेलासारखं थिजलं होतं. मग दोर काढले.

"सूर्य त्या कड्यामागे गेला ना," नेगीसाहेब म्हणाले, "की इथला पारा धाडकन उतरतो. वारा सुटतो. ह्या वयाच्या बायका तेवढ्यात गारठून बेशुद्ध पडतील. मग मी पट्टा कुणाला घालू? तू त्यांच्या भाषेतली आहेस ना? उतरव त्यांना."

"मी?"

"सहा महिने काय शिकलीस, ते मलाही एकदा बघू दे."

म्हणजे परीक्षा होती. अंगद बाजूला उभा होता, पण त्याचा चेहरा काही आनंदी नव्हता. बिचारा चांगला मुलगा होता. बर्फावरून तो कुणालाही खाली आणू शकला असता, पण इथे माणसं बर्फावर नव्हती.

मी आधी खालच्या मंडळींकडे वळले. रुसलेल्या विहिणीची मला सवय होती. आमच्या कार्यालयात दर चार लग्नांमागे एक तरी रुसतेच.

"काका, काकूंचं काही बिनसलंय का?"

"ती अशीच आहे," जगदाळेकाका म्हणाले. ते साखर कारखान्यातून निवृत्त झालेले शांत गृहस्थ. "साखरपुड्याला पेढे लहान होते म्हणून गाडीतून उतरतच नव्हती."

"पेढे लहान नव्हते," साळुंखेकाका म्हणाले. त्यांचं मिरजेत भांड्यांचं दुकान.

"जाऊ द्या हो आता."

"जाऊ द्या कसं? पेढे लहान नव्हते."

"बाबा!" केतकी ओरडली.

मी म्हटलं, आपण रीतसर करू. टूरच्या स्वयंपाक्यांकडे नारळ होताच. टूर मॅनेजरनं आपला मफलर दिला, त्याची शाल केली. साळुंखेकाकांना नारळ धरून पुढं उभं केलं, जगदाळेकाकांना हात जोडायला लावले आणि मी वर तोंड करून ओरडले, "काकू! काही चुकलं असेल तर मोठ्या मनानं पदरात घ्या! मुलीकडची मंडळी मानपान घेऊन उभी आहेत!"

"हे काय चाललंय?" नेगीसाहेबांनी विचारलं.

"सर, आमच्याकडची पद्धत आहे."

"नारळ कशाला?"

"तो असावा लागतो."

वरून उत्तर आलं ते साळुंखेकाकूंचं. आणि काय आवाज! "आम्ही मुलीकडचे आहोत म्हणून काय झालं? आधी ह्या उतरल्या नाहीत, तर मीही उतरणार नाही! लोक काय म्हणतील? विहिणीला वर सोडून खाली आली!"

"तुम्ही मला शिकवू नका!" जगदाळेकाकू.

"मी शिकवत नाही, सांगते!"

"आई, उतर की गं!" धैर्यशीलनं कळवळून हाक मारली. "सगळे बघतायत!"

 मग जगदाळेकाकूंचा आवाज आला, आधीपेक्षा बारीक. "तू जा तिकडं. सगळ्यांनीच जा. मी इथं बरी आहे."

केतकी माझ्याजवळ सरकली. "ताई, माझी आई अशी कधी भांडत नाही हो. दूधवाल्याशीसुद्धा हळू बोलते. आणि ह्यांच्या आईशी? त्यांच्यासमोर तर ती खुर्चीवर टेकतसुद्धा नाही."

हे मात्र मला खटकलं. रुसणारी विहीण मी पाहिली होती, पण समोरच्या विहिणीशी एवढ्या हौसेनं भांडणारी मुलीची आई पाहिली नव्हती. मी तसं नेगीसाहेबांना म्हटलं. त्यांना त्यातलं अक्षरही कळलं नाही.

"इथून ओरडून काही होत नाही," ते म्हणाले. "वर जा. त्यांना पट्टा घाल आणि एकेकीला खाली सोड. पोतं होऊन कितीदा लटकलीयस. आज माणूस होऊन लटक."

चेतरामनं मला पट्ट्यात बांधलं. तो आणि अंगद दोर ओढत होते आणि मी हळूहळू, गोल फिरत वर चालले होते. भीती वाटली का? वाटली. पण त्या भीतीची मला ओळख होती. खुर्चीपाशी पोचले, एक पाय पायटेकणीवर ठेवला, दांडी धरली आणि दोघींकडे बघून कार्यालयातलं हसू हसले.

"काय काकू? कुणाचा राग आलाय?"

जगदाळेकाकूंनी मान फिरवली. दोन्ही हातांनी दांडी अशी धरली होती की बोटं पांढरी झाली होती. साळुंखेकाकू खाली बघून परत गरजल्या, "आधी ह्यांना न्या!" आणि लगेच, ओठ न हलवता, मला म्हणाल्या, "पोरी, इकडं माझ्याकडं बघ. तिकडं बघू नकोस."

तिकडं बघू नको म्हटलं की माणूस बघतंच. जगदाळेकाकूंच्या कोटाची खालची कड गोठून पापडासारखी कडक झाली होती. मांडीपासून खालपर्यंत कोट ओला होता. त्यांच्या बाजूच्या खुर्चीवरचा बर्फ वितळून परत गोठला होता आणि तो पांढरा नव्हता.

मी डोळे वळवून साळुंखेकाकूंकडे पाहिलं.

"लिफ्ट थांबली तेव्हा केवढा तो हिसका बसला," साळुंखेकाकू पुटपुटल्या. "खुर्ची मागंपुढं, मागंपुढं. मला वाटलं, गेलो आता. तेव्हाच झालं. आणि त्यात हा पट्टा. पाय फाकवून, सगळ्यांच्या डोक्यावरून खाली यायचं. व्याही उभे, सून उभी, सगळी टूर उभी. कशा उतरतील त्या? तूच सांग."

"म्हणून तुम्ही भांडताय?"

"मग काय करू? काही तरी कारण नको का दिसायला?"

जगदाळेकाकू पहिल्यांदाच माझ्याकडे वळल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज तोच, हुकमाचा. "मी इथं मेले तरी चालेल. असल्या अवस्थेत मी व्याह्यांसमोर उतरणार नाही. सूनबाई काय म्हणेल? जन्मभर तोंड दाखवायला जागा राहायची नाही."

"काकू, विहीणबाई तर शेजारीच बसल्यात."

"त्यांनी काही पाहिलेलं नाही."

"मी काहीच पाहिलेलं नाही," साळुंखेकाकूंनी लगेच साक्ष दिली.

मला एकदम आबा आठवले. आमच्या कार्यालयात एकदा भर पंगतीत एका म्हाताऱ्या आजोबांची खुर्ची ओली झाली होती. कुणाच्या लक्षात यायच्या आत आबा मठ्ठ्याचा जग घेऊन आले, त्यांच्याच मांडीवर ठेचकाळले आणि स्वतःलाच मोठमोठ्यानं शिव्या घालत सगळा मठ्ठा सांडून मोकळे झाले. आजोबा रागावले, आबांनी पाय धरले, सगळे हसले. मला तेव्हा आबा धांदरट वाटले होते. मी तेव्हा नववीत होते आणि मला सगळेच मूर्ख वाटायचे.

मी वॉकीटॉकी काढला. "सर, चहा पाठवा. थर्मास भरून."

"काय?"

"चहा, सर. दोराला बांधून."

"वेड लागलंय का? वर गरम काही पाठवायचं नाही. मागच्या वर्षी पाहुण्याची मांडी भाजली होती. नियम आहे, आणि तो मी केलाय."

"मला माहीत आहे, सर."

"मग?"

"चहा आल्याशिवाय इथून कुणी उतरणार नाही, सर. मीपण नाही."

 सूर्य कड्याला टेकला होता आणि वाऱ्यानं खुर्ची हलायला लागली होती. मग नेगीसाहेबांचा आवाज आला, अगदी थंड. "पाठवा तिला चहा. खाली आली की मी बघतो तिच्याकडे."

तेवढ्यावरूनच मला कळलं, की माझी नोकरी गेली. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण समोर पापडासारखा कडक झालेला कोट होता आणि त्यात एक बाई थरथरत होती, त्यापुढे त्या क्षणी मला बाकी काही सुचलं नाही.

थर्मास आला. मी झाकण उघडून वाफ जाऊ दिली, बोट बुडवून पाहिलं. चटका बसण्यासारखा राहिला नव्हता. मी ओतणार, तेवढ्यात साळुंखेकाकूंनी हात पुढं केला.

"दे इकडं."

"मी सांडते ना, काकू. माझ्यावर येऊ दे."

"तू परकी. तुझ्या हातून सांडला तर दोन मिनिटांत विसरतील. माझ्या हातून सांडला, तर ह्यांना वर्षभर बोलायला होईल." त्या जगदाळेकाकूंकडे वळल्या. "विहीणबाई, सांडू?"

जगदाळेकाकूंनी डोळे मिटले आणि मान हलवली.

साळुंखेकाकूंनी सगळा थर्मास त्यांच्या मांडीवर उलटा केला आणि पुढच्या क्षणी अशी किंकाळी फोडली, की खाली टूर मॅनेजरनं घाबरून शिट्टी वाजवली. "अगं बाई! सांडला की गं! सगळा चहा तुमच्या अंगावर! काय माझे हात मेले!"

"डोळे फुटले होते का तुमचे?" जगदाळेकाकू कडाडल्या. आणि काय सांगू, त्या आवाजात केवढी सुटका होती! "सगळा कोट भिजवलात! साडी भिजवलीत! हीच का तुमच्या घरची रीत? घाल गं पोरी मला तो पट्टा! मला नाही बसायचं ह्यांच्या शेजारी!"

मी पट्टा घातला. त्या खाली निघाल्या त्या भांडतच. जमिनीला पाय लागेपर्यंत त्यांचं तोंड थांबलं नाही. चहा, कोट, साडी, साखरपुड्याचे पेढे, सगळं त्यात आलं. खाली मंडळींनी त्यांना धरलं आणि सगळ्यांनी पाहिला तो चहाच. मग साळुंखेकाकू उतरल्या. मग मी.

लिफ्टच्या खोलीत बुखारी, म्हणजे लाकडाची शेगडी, पेटलेली होती. जगदाळेकाकूंना मी आतल्या खोलीत नेऊन माझी ट्रॅकपँट दिली. ती त्यांना पोटरीपर्यंत आली. त्या बाहेर आल्या, तेव्हा सगळे बुखारीभोवती उभे होते आणि प्रकरण चांगलं तापलं होतं.

"एवढं भान कसं नसतं तुला?" साळुंखेकाका बायकोवर खेकसत होते. "मुलीच्या सासूच्या अंगावर चहा ओततात?"

"राहू द्या," जगदाळेकाका म्हणाले. "तुमच्याकडं हे असंच चालायचं."

"असंच म्हणजे कसं?"

साळुंखेकाकू खाली मान घालून उभ्या होत्या.  केतकी आईकडे बघत होती, धैर्यशील बुटांकडे.

नेगीसाहेब आत आले आणि सरळ माझ्यासमोर उभे राहिले. "का मागवलास चहा?"

मी हातमोज्यांवरचा बर्फ झटकत राहिले.

"थंडी वाजत होती, असं सांगू नकोस. थंडी सगळ्यांनाच वाजत होती. मी नाही म्हटलं असताना, वर बसून तू मला अट घातलीस. आणि तोच चहा पाहुण्याच्या अंगावर सांडला. काय कारण होतं? एक कारण सांग. पटलं तर मी विसरून जाईन."

कारण माझ्यापासून हातभर अंतरावर, माझ्याच ट्रॅकपँटमध्ये उभं होतं.

"कारण नाही, सर," मी म्हणाले. "मला वाटलं म्हणून मागवला."

"सर," अंगद मध्ये पडला, "ती उगाच असं करणार नाही."

"तू गप्प बस. पुढच्या हंगामाला तू इथं येतोयस. आणि तू, महाराष्ट्र, उद्याच्या बसनं घरी जा. माणसं तारेवर टांगलेली असताना ज्याला वाटेल तसं वागायचंय, त्याला मी डोंगरावर ठेवत नाही."

त्यांचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. मी मान हलवली आणि हातमोजे काढायला लागले. 

"थांबा हो साहेब," जगदाळेकाकू म्हणाल्या.

त्यांचं हिंदी आमच्याकडच्या बायकांचं असतं तसंच होतं. "इस पोरी को कुछ मत बोलो. इसका कुछ चूक नहीं है. वो क्या हुआ, की मेरेको वर..." तिथं त्यांचं हिंदी संपलं. त्यांनी एकदा धैर्यशीलकडे पाहिलं, एकदा सुनेकडे, एकदा व्याह्यांकडे. मग त्या सरळ मराठीत म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "मला वर लघवी झाली. भीतीनं. कोट सगळा ओला होता. ते झाकायला हिनं चहा मागवला आणि तो माझ्या विहीणबाईंनी माझ्यासाठी मुद्दाम सांडला."

बुखारीतलं लाकूड तडतडत होतं. कुणी कुणाकडं बघेना.

"काय म्हणतायत त्या?" नेगीसाहेबांनी मला विचारलं.

"त्या म्हणतात, सर, की चूक त्यांची होती."

"नीट सांग त्याला!" जगदाळेकाकू माझ्यावर ओरडल्या. तेवढं हिंदी त्यांना कळत होतं. "चूक कसली? चूक नव्हती ती! लघवी म्हण! एवढ्या सगळ्यांसमोर मी बोलले, ते काय तू गिळून टाकायला?"

मग मी नेगीसाहेबांना सांगितलं. सगळं, जसंच्या तसं. सांगताना मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

नेगीसाहेबांनी टोपी काढली आणि हातात धरली. जगदाळेकाका बायकोकडे असे बघत होते, की जणू ही बाई त्यांना आजच भेटली. जगदाळेकाकू ताठ उभ्या होत्या, पण हनुवटी थरथरायला लागली होती. आणखी दोन क्षण तसेच गेले असते, तर त्या कोसळल्या असत्या.

"मलाही झाली होती," साळुंखेकाकू म्हणाल्या.

सगळे वळले.

"मलाही," त्यांनी नसलेला पदर सावरला. "हिसकाच तसा होता. साहेबांना तेही सांग गं. दोघींनाही झाली होती म्हणावं."

"आई!" केतकी म्हणाली आणि तिनं एकदम तोंडावर हात ठेवला. मग ती पुढं आली. मला वाटलं, आईकडे जाते. ती सासूकडे गेली आणि आपल्या गळ्यातली शाल काढून तिनं त्यांच्या खांद्यांवर घातली. जगदाळेकाकूंनी ती नीट केली आणि म्हणाल्या, "सूनबाई, आता खोलीवर चला. तुम्ही दोघं उद्यापासून वेगळे फिरा. आम्ही दोघी आमचं बघतो."

मी ते दुसरंही नेगीसाहेबांना सांगितलं. त्यांनी टोपी परत घातली.

"चेतराम," ते म्हणाले, "उद्या टाकीतलं डिझेल काढून इंजिन तपासायचं आहे. उजाडलं की सुरू करा." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोत्याला पण घे सोबत. इंजिन शिकायचं राहिलंय तिचं. पुढच्या वर्षी कुणाला तरी यावं लागेल ते." अंगदकडे त्यांनी पाहिलं. "दोघांचं काय करायचं, ते मी वर बोलतो."

ते वर बोलले. अंगद तीन हंगाम टिकला आणि परदेशी गेला. मी अजून त्याच डोंगरावर आहे. नेगीसाहेबांच्या खुर्चीत आता मी बसते आणि मला कुणी महाराष्ट्र म्हणत नाही. आबांनी दोन वर्षं माझ्याशी धड बोलणं टाकलं होतं. मग एका उन्हाळ्यात, लग्नाच्या ऐन गर्दीत, मी त्यांना फोनवर चहाचा हा किस्सा सांगितला. ते म्हणाले, "थर्मासचं झाकण आधी उघडून ठेवलं होतंस ना?"

त्या संध्याकाळी मंडळी गेल्यावर भाड्याचे कोट गोळा करायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे आलं. जगदाळेकाकूंचा कोट मी धुवायला टाकला. मग साळुंखेकाकूंचा उचलला, झटकला, आतून बाहेरून हात फिरवून पाहिला आणि तसाच खुंटीला अडकवून दिला. तो कोरडा ठणठणीत होता.